आजार असताना आयुर्विमा: फॉर्मच्या आधी फाइल तयार करा

शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, मागे कधीतरी स्टेंट बसला आहे. अशी माणसं "आपल्याला आता कोण विमा देणार" म्हणून फॉर्मच भरत नाहीत. काही जण उलट करतात. आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहितात आणि सुटलो म्हणतात. पहिल्यांना विमा मिळत नाही. दुसरे वर्षानुवर्षे हप्ते भरतात आणि क्लेमच्या वेळी घरच्यांना कळतं की हातातला कागद बिनकामाचा होता.

खरं तर आजार असलेल्या बऱ्याच लोकांना विमा मिळतो. कधी नेहमीच्या हप्त्यात, कधी जादा हप्त्यात, कधी थोडं थांबून. कंपनी आजाराच्या नावापेक्षा तो किती काबूत आहे आणि त्याचा कागदी पुरावा काय आहे, हे जास्त बघते. म्हणून खालच्या पायऱ्यांमधला सगळ्यात मोठा भाग फॉर्म भरण्याआधीचा आहे.

कंपनी आजार कसा मोजते

अर्ज अंडररायटरच्या, म्हणजे धोका जोखून निर्णय देणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या टेबलावर जातो. तो तुमच्या वयाच्या निरोगी माणसाचा मृत्यूचा धोका १०० धरतो आणि त्यात प्रत्येक अडचणीचे गुण मिळवतो. ही गुणांची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क लाइफ कंपनीतले डॉक्टर ऑस्कर रॉजर्स आणि अ‍ॅक्च्युअरी (विम्यातल्या धोक्याचं गणित करणारे) आर्थर हंटर यांनी बसवली. तिच्यात पुढे खूप सुधारणा झाल्या, पण मूळ हिशोब आजही तोच आहे.

समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. प्रत्येक कंपनीचे तक्ते वेगळे असतात, तेव्हा आकड्यांपेक्षा रीत बघा. ४५ वर्षांचा माणूस, टाइप २ मधुमेह, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) ८.४, त्याचे ५० गुण. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३३, त्याचे २५. बीपी १४८/९२, त्याचे २५. बेरीज २००, म्हणजे धोका दुप्पट. हाच माणूस आठ-दहा महिन्यांत एचबीए१सी ७ च्या आत आणि बीपी १३० च्या आसपास आणू शकला, तर बेरीज १५० च्या जवळ येते. आजार तेच राहिले, हप्ता मात्र उतरला.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. गुणांची नेहमी सरळ बेरीज होत नाही. मधुमेह आणि सिगारेट एकत्र आले की दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त गुण लागतात, कधी थेट नकारही येतो. दुसरं म्हणजे वय. मधुमेह ५५ व्या वर्षी लागला तर तो कमी जड धरतात, ३० व्या वर्षी लागला तर जास्त, कारण तो शरीरात जास्त वर्षं राहणार असतो.

पायरी १: फाइल जमवा

या पायरीला महिनाभर लागला तरी चालेल. शेवटच्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा. आजारानुसार काही कागद निर्णायक असतात:

मधुमेह: कधी निदान झालं ती तारीख, शेवटचे तीन-चार एचबीए१सी, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. शेवटचे दोन रिपोर्ट बहुतेकांकडे नसतात. ते नसले तर डोळे आणि किडनी ठीक आहेत हे दाखवायला तुमच्या हातात काही उरत नाही.

हृदय: अँजिओग्राफीचा मूळ रिपोर्ट (किती नळ्या, किती टक्के अडथळा), इको आणि त्यातलं इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं), स्टेंट किंवा बायपासनंतरचा स्ट्रेस टेस्ट. नुसतं 'स्टेंट बसवला आहे' असं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.

कॅन्सर: हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा रिपोर्ट. सबंध फाइलमध्ये हाच कागद सगळ्यात महत्त्वाचा. त्यात गाठीचा प्रकार, ग्रेड, कडा मोकळ्या होत्या का, लिम्फ नोड किती तपासल्या आणि किती बाधित निघाल्या, हे सगळं असतं. सोबत शेवटच्या उपचाराची नेमकी तारीख द्या, कारण थांबण्याचा काळ त्या तारखेपासून मोजतात.

झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल आणि सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं) वापरत असाल, तर मशीनमधला वापराचा अहवाल काढून घ्या. निदान ७० टक्के रात्री चार तासांहून जास्त वापर दिसला तर तो नियमित धरतात. मशीन घेतलं आणि कपाटात ठेवलं, ही कहाणी त्या अहवालात स्वच्छ दिसते.

नैराश्य किंवा चिंतेसाठी औषधं चालू असतील तर मुख्य प्रश्न हे: दवाखान्यात भरती व्हावं लागलं का, काम सुटलं का, जिवाला काही करून घेण्याचा प्रयत्न झाला का, डोस किती दिवसांपासून स्थिर आहे. एकाच हलक्या डोसवर वर्ष-दोन वर्षं नीट काम करत असलेल्या माणसाला बहुतेक वेळा फारशी अडचण येत नाही. गोळीने नीट बसलेलं हायपोथायरॉइड तर सहसा नेहमीच्याच हप्त्यात बसतं. उगाच घाबरू नका.

आता तुमच्या डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या. निदानाची तारीख, सध्याची औषधं डोससकट, शेवटची तीन रीडिंग, गुंतागुंत आहे किंवा नाही, आणि पेशंट नियमित येतो का, एवढं त्यात हवं. "तब्येत ठणठणीत आहे" अशा एका ओळीच्या पत्राला अंडररायटर किंमत देत नाही.

पत्र घेतलं की जुने कागद स्वतः वाचा. सगळे. डिस्चार्ज कार्डावर कुठेतरी डॉक्टरांनी शंका म्हणून '? गाठ' असं लिहिलेलं असतं, पुढे सोनोग्राफी साफ निघालेली असते, पण ती फाइलमध्ये नसते. अंडररायटरच्या लेखी ते प्रश्नचिन्ह अजून उघडंच. तेच "सीटी स्कॅनचा सल्ला दिला, पेशंटने केला नाही" या ओळीचं. असा स्कॅन सांगितला असेल तर अर्जाआधी करून टाका, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. आणि रेकॉर्डमध्ये धडधडीत चूक असेल, उदाहरणार्थ कधी दारू न पिणाऱ्याच्या नावापुढे 'नियमित मद्यपान', तर त्याच दवाखान्यातून लेखी दुरुस्ती करून घ्या. तोंडी खुलासा फाइलला लागत नाही.

पायरी २: वेळ निवडा

चुकीच्या वेळी केलेला अर्ज पुढे ढकलला जातो, आणि ती नोंद तुमच्या मागे लागते. हार्ट अ‍ॅटॅक, स्टेंट किंवा पक्षाघातानंतर साधारण सहा महिने ते एक वर्ष बहुतेक कंपन्या थांबायला सांगतात. कॅन्सरच्या बाबतीत उपचार संपल्यावर प्रकार आणि टप्प्यानुसार दोन ते पाच वर्षं, कधी जास्त. ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते होऊन डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत. कुठलीही तपासणी अर्धवट असेल तर तिचा निकाल येईपर्यंत.

मधुमेहात औषध बदललं असेल तर तीन महिने थांबा. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पंधरा दिवस पथ्य पाळून तो फारसा हलत नाही. ॲनिमियात मात्र हा आकडा फसवतो: लोह कमी असेल तर खोटा वर जातो, पेशी लवकर फुटत असतील तर खोटा खाली येतो. तसं असेल तर डॉक्टरांच्या पत्रात तो उल्लेख यायला हवा.

वजनाचा एक हिशोब बहुतेकांना माहीत नसतो. मागच्या १२ महिन्यांत उतरवलेल्या वजनापैकी निम्मं वजन बऱ्याच कंपन्या परत तुमच्या वजनात धरतात, कारण भराभर उतरलेलं वजन तितक्याच वेगाने परत येतं. उंची १७० सेंमी, वजन ९६ वरून आठ महिन्यांत ८४ किलो. काट्यावर बीएमआय २९, पण कंपनी ९० किलो धरते आणि बीएमआय ३१ होतो. वर्षभर ८४ वर टिकून राहिलात तर पूर्ण फायदा मिळतो. औषध न घेता, प्रयत्न न करता वजन उतरलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे विम्याआधी डॉक्टरकडे जा.

तंबाखूमुक्त हप्ता हवा असेल तर बहुतेक ठिकाणी पूर्ण १२ महिने हात लावलेला नसावा. निकोटीनचे गम आणि पॅचही तपासणीत पकडले जातात. चघळायचा तंबाखूही.

पायरी ३: नाव न देता आधी विचारा

जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर हा प्रश्न असतो: तुमचा विम्याचा अर्ज कधी नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्यावर मंजूर केला आहे का? एकदा 'हो' झालं की ते पुढच्या प्रत्येक फॉर्मवर लिहावं लागतं. म्हणून एकदम चार कंपन्यांकडे अर्ज टाकू नका.

त्याऐवजी ज्याच्या हातात अनेक कंपन्या आहेत अशा ब्रोकरकडून प्राथमिक चौकशी करून घ्या. वय, आजार, निदानाची तारीख, शेवटचे आकडे, औषधं, तंबाखू, हवी ती रक्कम. नाव नाही, सही नाही. कंपन्या अंदाजे उत्तर देतात: नेहमीचा हप्ता, अमुक टक्के जादा, किंवा सध्या नको. हे उत्तर बंधनकारक नसतं, पण कुठल्या दारात जायचं ते कळतं. कंपन्यांमधला फरक मोठा असतो. एकाच माणसाला एक ५० टक्के जादा सांगते, दुसरी १५० टक्के.

एजंट म्हणाला "मी करून देतो, आजाराचं लिहू नका", तर एजंट बदला. सही तुमची आहे.

पायरी ४: फॉर्म

प्रश्न शब्द न् शब्द वाचा. "गेल्या ५ वर्षांत" आणि "कधीही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला ८ वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन लागू नाही, दुसऱ्याला आहे. विचारलेलं सगळं लिहा.

उत्तर नेमकं लिहा. 'बीपी आहे' एवढ्यावर थांबू नका. '२०१९ साली निदान, एक गोळी रोज, शेवटची तीन रीडिंग १२८/८२, १३०/८०, १२६/८४, दवाखान्यात भरती कधी नाही' असं लिहिलंत तर दोन आठवड्यांचा पत्रव्यवहार वाचतो. जागा कमी पडली तर सही करून वेगळं पान जोडा.

फॉर्म दुसऱ्याने ऑनलाइन भरला असेल तर पाठवण्याआधी स्वतः सगळी पानं उघडून बघा. तिथे बऱ्याचदा रकाने आधीच 'नाही' असतात, आणि बदलायचे राहून जातात.

आणखी एक खड्डा. अर्ज भरल्यावर आणि पॉलिसी हातात येण्याआधी काही नवीन निघालं, छातीत दुखून ईसीजी काढावा लागला तरीसुद्धा, तर ते कंपनीला कळवावं लागतं. सांगायची जबाबदारी अर्जाच्या तारखेला संपत नाही.

लपवलं तर काय होतं? बहुतेक देशांत पॉलिसी सुरू झाल्यापासून दोन-तीन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी जुने दवाखान्याचे कागद बारकाईने तपासते. त्यात न सांगितलेला आजार निघाला तर करारच रद्द ठरवता येतो. मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला तरी अनेक ठिकाणी ते चालतं, कारण खरं कळलं असतं तर त्या अटींवर विमा दिलाच नसता, हा मुद्दा असतो. त्या काळानंतर जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीचं काय होतं, ते त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं.

पायरी ५: मेडिकल

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी काय करायचं ते बघू. औषधं चालूच ठेवा. 'गोळ्यांशिवाय रीडिंग चांगलं दिसेल' असा कुणी सल्ला दिला तर ऐकू नका. गोळीने काबूत असलेलं बीपी कंपनीला चालतं, गोळी सोडलेलं चालत नाही. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर ८ ते १२ तास, पाणी चालतं. शुगरची औषधं उपासात कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

आदल्या दिवशी जिम आणि लांब धावणं टाळा. जोराच्या व्यायामाने लघवीत प्रोटीन येतं आणि लिव्हरचे एन्झाइम वाढतात. मग चांगल्याभल्या माणसाच्या रिपोर्टवर किडनी-लिव्हरची शंका येते. दारू दोन-तीन दिवस आधीपासून बंद. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी बीपी चढतं, त्याही नकोत. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवा, थायरॉइडसारख्या काही चाचण्या त्याने चुकतात. पाळीच्या दिवसांत लघवीत रक्त दिसतं, तेव्हा तारीख पुढे घ्या.

बीपीच्या वेळी हे स्वतः बघा: लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, हात हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने रीडिंग खोटं वर जातं. पहिलं रीडिंग जास्त आलं तर एक-दोन मिनिटांनी दुसरं आणि तिसरं घ्यायला सांगा, आणि तिन्ही लिहायला सांगा. दवाखान्यातच बीपी वाढत असेल तर घरच्या दोन आठवड्यांच्या नोंदी सोबत न्या. त्याहून उत्तम म्हणजे २४ तासांच्या बीपी मॉनिटरचा रिपोर्ट.

मेडिकल करणारा तुमच्याकडून तोंडी प्रश्नांची उत्तरंही लिहून घेतो. ती फॉर्मशी जुळायला हवीत. फॉर्मवर निदान २०१९ चं आणि तोंडी 'तीन-चार वर्षं झाली', एवढ्यावरूनही फाइल परत येते. फॉर्मची प्रत समोर ठेवा.

पायरी ६: उत्तर आल्यावर

नेहमीच्या हप्त्यात मंजूर झालं तर प्रश्नच नाही. जादा हप्ता दोन प्रकारे लागतो. टक्क्यांत: मूळ हप्ता १०० असेल तर ५० टक्के लोडिंगने (जादा आकारणीने) १५०. किंवा दर हजारी: ५० लाखांच्या विम्यावर दर हजारी २ म्हणजे वर्षाला १०,००० जादा. कॅन्सर किंवा हृदयाच्या घटनेनंतर दर हजारीची रक्कम बऱ्याचदा ठराविक वर्षांपुरतीच असते. पत्रात ती मुदत लिहिली आहे का ते बघा, नसेल तर विचारा.

कधी कंपनी रक्कम कमी करते, मुदत कमी करते, किंवा आयुर्विमा देऊन गंभीर आजाराचा रायडर (मूळ विम्याला जोडून मिळणारं जादा संरक्षण) नाकारते. रायडर नाकारला म्हणून मूळ विमा सोडू नका. घरच्यांना आधार मूळ विम्याचाच असतो.

लोडिंग का लागलं ते लेखी विचारा. एखादा जुना रिपोर्ट त्यांच्याकडे गेलाच नव्हता असं वरचेवर निघतं. नवा रिपोर्ट जोडून फेरविचार मागता येतो. मोठी रक्कम असेल तर "फाइल दुसऱ्या पुनर्विमा कंपनीला दाखवा" असंही ब्रोकरमार्फत सुचवता येतं (पुनर्विमा कंपनी म्हणजे विमा कंपनीचा धोका वाटून घेणारी कंपनी).

पायरी ७: नकार आला तर

कारण आणि पुन्हा कधी अर्ज करावा, दोन्ही लेखी घ्या. तोवर हे पर्याय आहेत. नोकरीतला ग्रुप विमा: ठराविक रकमेपर्यंत तिथे मेडिकल नसतं, पण सुरू होताना तुम्ही कामावर हजर असावे लागता आणि नाव पहिल्या मुदतीतच द्यावं लागतं. नंतर मागितलं तर प्रश्न येतात. नोकरी सोडताना तो वैयक्तिक पॉलिसीत बदलता येतो का, हेही विचारा.

दुसरा पर्याय, कुठलेही प्रश्न न विचारणारी पॉलिसी. रक्कम लहान, हप्ता महाग, आणि पहिली दोन वर्षं आजाराने मृत्यू झाला तर बहुधा भरलेले हप्तेच परत मिळतात. विमा रकमेला वर्षाच्या हप्त्याने भागा. उत्तर १० आलं तर दहा वर्षांत तुम्ही विम्याइतकीच रक्कम भरलेली असेल. हा आकडा बघूनच सही करा.

अपघात विमा सहज मिळतो, पण आजाराने आलेल्या मृत्यूला तो काहीच देत नाही. त्याला आयुर्विम्याची जागा देऊ नका.

पॉलिसी हातात आल्यावर

नवी पॉलिसी सुरू होईपर्यंत जुनी सोडू नका. पॉलिसीला जोडलेली फॉर्मची प्रत वाचा. चूक दिसली तर नवी पॉलिसी परत करायची जी सुरुवातीची मुदत असते, तिच्यातच लेखी दुरुस्ती मागा.

हप्ता बँकेतून आपोआप जाईल असं करा. निरोगी माणसाची पॉलिसी बंद पडली तर तो नवी काढतो. तुमची बंद पडली तर पुन्हा सुरू करताना तब्येतीचा नवा खुलासा द्यावा लागतो, आणि तोवर आजार पुढे गेलेला असेल तर दार बंद. उलट पॉलिसी चालू आहे तोवर आजार कितीही वाढला तरी कंपनी त्या कारणाने लोडिंग वाढवू शकत नाही. तब्येत सुधारली तर मात्र वर्ष-दोन वर्षांनी लोडिंग कमी करायचा अर्ज करता येतो. सलग दोन-तीन चांगले एचबीए१सी किंवा वर्षभर टिकलेलं वजन सोबत लावा. कंपनी स्वतःहून कधी विचारत नाही.